प्लग बदलला की अ‍ॅव्हरेज वाढतं?

आपल्याकडे कुणी गाडी घेतली की लोक रंगाचं कौतुक नंतर करतात. आधी विचारतात, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हाच प्रश्न गाडी जुनी झाल्यावर मालक स्वतःला विचारू लागतो, तेव्हा मात्र त्याचा सूर काळजीचा असतो. सतरा देणारी गाडी पंधरावर येते, पंधराची चौदावर. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतो ऑइल बदला, कुणी म्हणतो गाडीच बदला. आणि बहुतेक सल्ल्यांत एक वाक्य असतंच : ‘प्लग बदलून बघा हो.’

मी माणूस कवितेचा. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. पण थोरल्या भावाचं, आमच्या भाईजानचं, मिरजेत गॅरेज होतं आणि कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तिथं पाने पुसायला आणि मागेल तो हातात द्यायला बसत असे. ठिणगीवर आम्ही कवी मंडळी फार लिहितो. ती फिलर गेजनं मोजायची असते, हे मात्र मला त्या गॅरेजात कळलं. स्कूटरवाले तेव्हा डिकीत एक जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवूनच प्रवासाला निघत. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे दिवस ते. दर काही दिवसांनी प्लगला काजळी यायची, मग रस्त्याच्या कडेला स्कूटर उभी करून घासाघीस. ‘प्लग साफ केला की गाडी पळते’ ही आपल्या पिढीची श्रद्धा त्या दिवसांतली आहे. श्रद्धेत तथ्य होतं, पण चारचाकीला ती जशीच्या तशी लावता येत नाही.

हा विषय आज घेण्याचं कारण आमचे एक स्नेही, तासगावचे निवृत्त गुरुजी. त्यांच्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरात आणि शेवटची कारखान्यातून निघाली २०१४ च्या जानेवारीत. त्यामुळे या गाडीची म्हातारी भावंडं अजून खेड्यापाड्यांत बरीच भेटतात. गुरुजींना ती हौसेपोटी लागत नाही. घरच्या बाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा मिरजेला असतं. जाऊन येऊन सत्तर किलोमीटर, महिन्याला नऊशे. गाडी पूर्वी लिटरला सतरा द्यायची, आता चौदावर आली होती. हिशेब करा : सतरानं त्रेपन्न लिटर लागतात, चौदानं चौसष्ट. पेट्रोल शंभरीच्या पुढं गेल्यापासून हा फरक महिन्याला हजार-अकराशे रुपयांच्या वर जातो, आणि पेन्शन काही त्या हिशेबानं वाढत नाही. शिवाय असं इंजिन कधीतरी वाटेत रुसून बसेल ही भीती वेगळीच.

गुरुजी मला म्हणाले, ‘‘कविराज, स्पेअर पार्टवाला सांगतोय इरिडियमचे प्लग घाला, अ‍ॅव्हरेज दोननं वाढतंय. घालू का?’’

‘‘गुरुजी, आधी जुने काढून बघू,’’ मी म्हणालो.

त्यांना जे सांगितलं तेच आपल्यालाही सांगतो.

प्लगचं काम एका ओळीत मावतं. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते, त्या दाबलेल्या मिश्रणाला नेमक्या क्षणी ठिणगी द्यायची. बॅटरी बारा व्होल्टची. कॉइल त्याचे दहा-वीस हजार व्होल्ट करते. डेल्को ते ज्याच्या त्याच्या पाळीनं एकेका प्लगकडे पाठवतो आणि प्लगच्या टोकाशी, मधली दांडी आणि वरून वाकवलेला पाय यांच्यामधल्या फटीत, ठिणगी उडी मारते. ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये लेन्वारनं १८६० मध्ये गॅसवरच्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती. पण मोटारीसाठी भरवशाचा प्लग आणि त्याला वीज पुरवणारा मॅग्नेटो बॉशकडच्या होनोल्ड या अभियंत्यानं १९०२ मध्ये जमवला. आपल्याकडे हाच प्लग ‘मिको’ या नावानं घराघरांत पोचला. बंगळूरची ही कंपनी १९५१ ची. २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, तरी जुने मेकॅनिक दुकानात अजून ‘मिको द्या’ असंच म्हणतात.

आता या चिमुकल्या वस्तूच्या कष्टांचा अंदाज घ्या. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर दर दोन फेऱ्यांना एक, म्हणजे मिनिटाला १,५०० आणि सेकंदाला २५ ठिणग्या एकेका प्लगला द्याव्या लागतात. तासगावहून मिरजेला पोचायला पन्नास मिनिटं धरली तर एका खेपेला पाऊण लाख. प्रत्येक ठिणगी जाताना धातूचा अगदी अदृश्य कण घेऊन जाते. नव्या प्लगच्या दांडीच्या कडा धारदार असतात, आणि ठिणगीला धारेवरूनच उडी मारणं सोपं जातं. वीस-तीस हजार किलोमीटरनंतर त्या कडा नदीतल्या गोट्यासारख्या गोल होतात आणि फट वाढते.

फट वाढली म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही, आणि गोम नेमकी इथंच आहे. सपाट रस्त्यावर, हलक्या पायानं चालवताना सगळं ठीक वाटतं. पण चढ लागला, पाय दाबला, की सिलिंडरमधला दाब वाढतो. दाबलेल्या हवेतून ठिणगी न्यायला जास्त व्होल्टेज लागतं. फट मोठी, दाब मोठा आणि कॉइल थकलेली, मग एखादी ठिणगी चुकते. सगळ्या चुकल्या तर गाडी थरथरते. मेकॅनिक म्हणतो, ‘मिसिंग मारतेय.’ पण शंभरात दोन-चार चुकल्या तर चालवणाऱ्याला कळतही नाही. फक्त ‘पिकअप कमी झालाय’ असं वाटतं आणि पाय आपोआप थोडा जास्त दाबला जातो. चुकलेल्या प्रत्येक ठिणगीमागं तेवढं पेट्रोल न जळता सायलेन्सरमधून बाहेर जातं. पीयूसीच्या चिठ्ठीवर हायड्रोकार्बनचा आकडा असतो. तो मागच्या वेळेपेक्षा एकदम वाढलेला दिसला तर ते न जळलेलं पेट्रोलच बोलत असतं. गुरुजींच्या चिठ्ठीवर तो वाढलेला होता. मात्र त्यांनी ती चिठ्ठी फक्त मुदतीसाठी पाहिली होती, आपण सगळे पाहतो तशी.

म्हणजे प्लग बदलल्यानं अ‍ॅव्हरेज वाढतं का? उत्तर असं, की झिजलेल्या प्लगमुळे जेवढं गेलं होतं तेवढं परत येतं. त्याच्यावर एक थेंबही मिळत नाही. इंजिन ठीक असेल, प्लग ठीक असतील, तर कितीही महागडा प्लग घातला तरी खिशाला काही लागणार नाही. ज्या मिश्रणाला साध्या प्लगनं पूर्ण पेट घेतला, ते सोन्याच्या प्लगनं आणखी काय पेटणार? अमेरिकेच्या सरकारी इंधन-मार्गदर्शनातही असंच म्हटलं आहे. ट्यूनिंग स्पष्ट बिघडलेली गाडी नीट केली तर सरासरी चार टक्के बचत होते. चार टक्के म्हणजे चौदावर जेमतेम अर्धा किलोमीटर. एखादा प्लग अगदीच बिघडला असेल तर जास्त, पण ‘दोननं वाढेल’ असं प्लग न पाहताच सांगणाऱ्याकडून दोनाऐवजी एकही घेऊ नये.

मग निवड कशाची करायची? नंबराची. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत प्लगचा नंबर दिलेला असतो. पुस्तिका नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर किंवा प्लग कंपनीच्या तक्त्यात मिळतो. त्या अक्षर-आकड्यांच्या जुडग्यात आट्यांची जाडी, लांबी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, प्लगची उष्णता, लपलेली असते. आटे लांब असलेला प्लग चुकून घातला तर त्याचं टोक पिस्टनला भिडू शकतं. आखूड घातला तर ठिणगी खोबणीत दडून बसते. हे नुकसान लगेच दिसतं, म्हणून लोक सांभाळतात. उष्णतेची चूक दिसत नाही, म्हणून ती सांभाळत नाहीत.

‘गरम’ प्लग आणि ‘थंड’ प्लग असे शब्द आपण ऐकतो. गरम प्लग म्हणजे जास्त गरम ठिणगी देणारा, असा समज गॅरेजातही पुष्कळ आहे. तसं नाही. ठिणगी तीच. फरक आहे तो प्लगचं नाक स्वतः किती तापतं याचा. आतली पांढरी चिनीमाती लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता पडतो आणि नाक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. चिनीमाती आखूड असेल तर उष्णता झटकन हेडमध्ये उतरते, तो थंड प्लग. नाक साधारण साडेचारशे ते साडेआठशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली गेलं तर काजळी जळून जात नाही, साचते, आणि वीज फटीतून उडी न मारता काजळीवरून सरपटत निघून जाते. त्यावर गेलं तर ठिणगीची वाट न पाहता तापलेलं नाकच मिश्रण पेटवतं. त्यात पिस्टनला भोक पडल्याची उदाहरणं आहेत. कारखान्यानं दिलेला नंबर हा त्या इंजिनासाठी गरम-थंडाचा काढलेला मध्य असतो.

आता यातली मजा ऐका, मजा म्हणजे दुकानदाराची, गिऱ्हाइकाची नव्हे. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चँपियनच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका गरम. अगदी उलट. एनजीकेचा ५ हा बॉशच्या ८ च्या जोडीचा, आणि बॉशचा ५ हा एनजीकेच्या ८ च्या जोडीचा. ‘पाचाला पाच द्या’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग उचलला तर एका पायरीची नव्हे, तीन पायऱ्यांची चूक होते. कंपनी बदलायला हरकत नाही, पण ती तुलनेचा तक्ता पाहून. आकड्याला आकडा जुळवून नाही.

गुरुजींच्या मारुतीचं बॉनेट आम्ही उघडलं. तीन सिलिंडर, तीन प्लग. तिन्ही काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, कुठला कुठून आला त्याची खूण करून. हे मी आवर्जून सांगतो, कारण प्लग एकेकटा पाहून फार कमी कळतं, शेजाऱ्याशी ताडून पाहिला की बोलू लागतो. पहिले दोन फिक्या विटकरी रंगाचे होते. हा निरोगी रंग. पण कडा गोल आणि फट एक मिलिमीटरच्या पुढं गेलेली. अशा कार्बोरेटरच्या गाड्यांना पाऊण मिलिमीटरच्या आसपास फट पुरते. नंतरच्या इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांना एक-सव्वा एक लागते. तिसरा प्लग कोरड्या काजळीनं काळाकुट्ट. कार्बोरेटर जास्त पेट्रोल देत असता तर तिन्ही काळे झाले असते. एकटाच काळा, म्हणजे दोष त्याच्यापुरता. पुसून पाहिलं तर कंपनी वेगळी आणि आकडा मात्र तोच. काही महिन्यांपूर्वी प्रवासात गाडी अडली होती, तेव्हा रस्त्यावरच्या कुठल्याशा गॅरेजात हाताशी होता तो टाकला होता. पाचाला पाच!

बाकीचे रंगही सांगून ठेवतो. प्लग काळा पण ओला, तेलकट असेल तर वरून किंवा खालून ऑइल आत येतंय, म्हणजे व्हॉल्व्हची सील नाहीतर रिंगा गेल्या. तिथं नवा प्लग हा तात्पुरता मलम. नाक पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर मिश्रण फार पातळ आहे, टायमिंग चुकलंय किंवा प्लग जास्त गरम नंबराचा आहे. चिनीमातीला तडा दिसला तर विचार करायचा नाही, फेकून द्यायचा. प्लग चांगले असूनही पावसाळ्यात गाडी मिसिंग मारत असेल तर वायरींकडे पाहा. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर तडकलेल्या वायरीवर निळसर किडे वळवळताना दिसतात. पाहायचं, हात लावायचा नाही.

राहिला प्रश्न इरिडियमचा. साध्या प्लगची मधली दांडी निकेलच्या मिश्रधातूची, अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड. निकेल वितळतं १,४५५ अंशांना, प्लॅटिनम १,७६८ ला आणि इरिडियम २,४४६ ला. म्हणून इरिडियमची दांडी अर्ध्या मिलिमीटरइतकी बारीक करता येते आणि तरी ती टिकते. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये निघते हे खरं. थकलेल्या कॉइलला त्याचा आधार होतो हेही खरं. पण त्याचा मुख्य गुण दीर्घायुष्य हा आहे. साधा प्लग पंधरा-वीस हजार किलोमीटर जात असेल तर हा त्याच्या तिप्पट-चौपट जातो, आणि किंमतही साधारण त्याच पटीत. ज्या नव्या गाड्यांत प्लग काढायला अर्धं इंजिन उसकटावं लागतं, तिथं हा व्यवहार फायद्याचा. मारुती ८०० चे प्लग हात घातला की लागतात. तिथं साधे तीन नवे प्लग, योग्य नंबराचे आणि फट मोजून बसवलेले, इरिडियमइतकंच पेट्रोल वाचवतात. बाजारात दोन, तीन, चार पायांचेही प्लग येतात. ते पाहून चार ठिणग्या पडतील असं वाटतं. पण एका वेळी ठिणगी एकाच पायावर जाते. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत झिजत नाहीत, एवढाच लाभ.

एका अक्षराकडे मात्र लक्ष ठेवा, कारण त्याचा संबंध आमच्या या रेडिओशी आहे. नंबरात ‘आर’ असेल तर त्या प्लगच्या पोटात काही हजार ओहमचा रोधक असतो. ठिणगी म्हणजे एक चिमुकलं प्रक्षेपण केंद्रच. रेडिओचे पहिले संदेश ठिणगीनंच धाडले गेले होते. जुन्या काळी बातम्या चालू असताना दारावरून स्कूटर गेली की मीडियम वेव्हवर खरखर उठायची, ती या ठिणगीची. रोधक ती खरखर दाबतो. कार्बोरेटरच्या गाडीत तो नसला तर फक्त गाणं बिघडेल. इंजेक्शनच्या गाडीत संगणक असतो, तिथं ‘आर’ सांगितलेला असताना बिनरोधकाचा प्लग घातला तर संगणकाचाच गोंधळ उडू शकतो.

गुरुजींनी तिन्ही साधे प्लग घेतले, पुस्तिकेतल्या नंबराचे, अधिकृत विक्रेत्याकडून आणि पावती घेऊन. नकली प्लगांचा सुळसुळाट आहे म्हणून पावती. अ‍ॅव्हरेज मोजायची पद्धत मात्र आम्ही आधीच ठरवली होती. एकाच पंपावर टाकी आपोआप बंद होईपर्यंत भरायची, नेहमीच्याच रस्त्यावर दोन-अडीचशे किलोमीटर चालवायची, पुन्हा तशीच भरायची आणि भागाकार करायचा. असं प्लग बदलण्यापूर्वी दोनदा, नंतर दोनदा. नाहीतर नवा प्लग घातल्याच्या आनंदात माणूस पाय हलका ठेवतो आणि श्रेय प्लगला देतो. चौदाचे साडेपंधरा झाले. चाकांत हवा कमी होती आणि एअर फिल्टर मातीनं भरला होता, ते नीट केल्यावर सोळाच्या जवळ गेलं.

‘‘आणि वरचं एक?’’ गुरुजींनी विचारलं. गणिताचे शिक्षक ते.

ते एक प्लगच्या हातात नाही. ही गाडी नवी होती तेव्हा पंपावरचं पेट्रोल नुसतं पेट्रोल होतं. २०२५ पासून बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्क्यांच्या मिश्रणात ही घट सहा-सात टक्क्यांवर येते, आणि २०२१ च्या नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालातही जुन्या जुळवणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्क्यांचाच अंदाज दिला होता. सतरातून सहा-सात टक्के वजा केले की सोळाच उरतात. त्या एका किलोमीटरसाठी कुणी प्लग विकत असेल तर त्याला चहा पाजावा, पैसे देऊ नयेत.

बसवण्याबद्दल थोडं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, त्याचे आटे गेले तर प्लगच्या कितीतरी पट खर्च येतो. एका वेळी एकच वायर काढा, म्हणजे अदलाबदल होणार नाही. प्लगभोवतीची माती फुंकून टाका, नाहीतर ती आत पडते. नवा प्लग खोक्यातून काढून फट फिलर गेजनं तपासा. कमी-जास्त असेल तर वरचा पाय हलकेच वाकवा, मधल्या दांडीला जोर लावू नका. प्लग पान्यानं नव्हे, बोटांनी फिरवत आत न्या. अडला तर उलट फिरवून पुन्हा सुरुवात करा. बोटांनी घट्ट झाल्यावर पान्यानं साधारण अर्धा फेरा, तोही नव्या वायसरचा प्लग असेल तर. जुनाच परत बसवत असाल तर त्याहून खूपच कमी. गॅस किट बसवलेली गाडी असेल, एलपीजी किंवा सीएनजी, तर किटवाल्यानं सांगितलेली फट ठेवा. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी न्यायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तिथं फट बहुधा थोडी कमी ठेवतात आणि प्लगही लवकर बदलावे लागतात. आणि हे सगळं करायचं ते सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. मिरजेहून आल्या आल्या नाही.